उशाशी सांगितलेली गोष्ट

चष्मेवाल्यांनी बाईंच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट बसवली, डाव्या डोळ्यापुढे झाकणी टाकली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. बाईंनी वरची ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीत अडखळल्या. चष्मेवाल्यांनी भिंग बदललं आणि अगदी सहज विचारलं, "बरं सिस्टर, तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं हो?"

"कुठल्या बहिणीचं?"

"अहो, तीच. जिची मुलगी तुम्ही आपली म्हणून वाढवलीत ती. तुमच्या दवाखान्यात माझी तपासणी संपली, नळी बाहेर आली आणि तुमची गोष्ट अर्धीच राहिली. घरी आल्यावर बायको विचारतेय, फार दुखलं का? आणि मी आपला विचार करतोय, त्या बिचारीचं मग लग्न झालं की नाही!"

बाई खुर्चीवर बसल्या होत्या म्हणून पडल्या नाहीत, एवढंच. समोरच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं एकमेकांत मिसळली. त्यांनी ती चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि विचारलं, "तुम्हाला... आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? इतकी रंगवून सांगितलीत." मग बाईंचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही मुळीच काळजी करू नका. मी कोणाला म्हणजे कोणालाही सांगितलेलं नाही. फक्त बायकोला."

बाईंना पुढचं काही ऐकू आलं नाही. चष्म्याचा नंबर काय निघाला, फ्रेम कुठली घ्यायची, काही नाही. त्या उठल्या आणि जुनाच चष्मा लावून रस्त्यावर आल्या. उजेडात त्यांचे डोळे दिपले. आयुष्यात दुसऱ्यांना धीर देण्यापलीकडे ज्यांनी काही केलं नाही, त्या बाईंना आपले पाय कुठे पडताहेत हेही कळत नव्हतं.

या बाईंना दवाखान्यात सगळे 'रेडिओ' म्हणायचे. पाठीमागेच नव्हे, तोंडावरसुद्धा. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होते त्या खोलीत त्या नर्स होत्या आणि तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. ज्यांनी ती तपासणी करून घेतलेली नाही त्यांना सांगायचं तर, आदल्या दिवशीपासून पोट साफ करायचं औषध पिऊन माणूस अर्धमेला झालेला असतो. मग त्याला मागून उघडा असलेला झगा घालतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि मागून एक लांब नळी आत जाते. पोटात हवा भरतात. आतडं काही सरळ रस्ता नाही, त्याला वळणं आहेत, आणि वळणावर नळी अडली की माणसाला ब्रह्मांड आठवतं. वर लाज असतेच. कित्येकांना दुखण्याची नव्हे, त्या लाजेचीच धास्ती असते.

बाई नव्या होत्या तेव्हा गुंगीचं औषध वगैरे लाड नव्हते. पेशंटने दातात टॉवेल धरायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! तेव्हाच्या मोठ्या सिस्टरने बाईंना कामाची सगळी शिकवण एका शब्दात दिली होती: "धर." खांदे धर, गुडघे धर, हलू देऊ नकोस. बाईंनी धरलं, आणि घरी जाऊन जेवल्या नाहीत. धरलेल्या माणसाचे डोळे त्यांच्यापासून वीतभर अंतरावर असायचे आणि ते डोळे बघत राहायचे.

मग त्या बोलायला लागल्या. आधी साधंच. आता हवा सोडणार आहेत हं, पोट फुगल्यासारखं वाटेल. वारा सरला तर लाजू नका, इथे त्याचं सगळ्यांना कौतुकच असतं. आता वळण येतंय, तोंडाने श्वास सोडा, मेणबत्ती विझवल्यासारखा. चादर त्या हीटरवर टाकून गरम करायच्या आणि कमरेपासून पायापर्यंत लपेटायच्या, म्हणजे हवं तेवढंच उघडं राहील. पुढे काय होणार हे आधी कळलं की माणूस निम्मा शांत होतो. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं, तो प्रश्न होता.

त्याचं उत्तर त्यांना भांडणातून मिळालं. सासूशी कडाक्याचं वाजवून त्या कामावर आल्या होत्या. टेबलावर एक जाडजूड बाई विव्हळत होती, नळी अडली होती, आणि आपल्या बाईंच्या तोंडून एकदम निघून गेलं, "कोणाला सांगू नका, पण माझ्या सासूची कवळी हरवली नव्हती. मीच लपवली होती. दिवसभर नुसती पेज प्याली बया." टेबलावरची बाई विव्हळायची थांबली. मग हसली. तिचं पोट सैल पडलं आणि नळी वळण ओलांडून पुढे गेली. डॉक्टरांनी वळून विचारलं, "आत्ता काय केलंत तुम्ही?"

काय केलं ते बाईंना बरोबर कळलं होतं. हवापाण्याच्या गप्पांना वेदना भीक घालत नाही. पण कोणी कानाशी लागून आपल्या घरातलं खरंखुरं गुपित सांगू लागलं, की माणूस स्वतःचं पोट विसरतो. माणसाची जातच तशी चौकस. उद्या मरायचा असला तरी शेजारच्या घरात काय शिजतंय ते त्याला हवं असतं.

पुढे हातातल्या शिरेतून द्यायचं गुंगीचं औषध आलं. माणूस धड झोपलेला नाही, धड जागा नाही. सांगितलं तर कूस बदलतो, दुखलं तर कण्हतो, आणि सगळं आटोपून अर्धा तास झाला की विचारतो, "कधी सुरू करणार?" बाईंना पहिल्यांदा हे पाहून धक्काच बसला होता. हा माणूस आत्ता 'आई गं' म्हणून ओरडला, माझ्या मनगटावर नखं रुतवली, आणि याला पत्ताच नाही! मग हळूहळू त्यांची खात्री पटली की या टेबलावरचं सगळं पुसलं जातं. दुखणं पुसलं जातं, तसं बोलणंही. आणि तिथून बाईंच्या जिभेला हाड राहिलं नाही.

खरी गोष्ट त्यांनी सांगायला सुरुवात केली ती नवरा गेल्यावर. ती अशी. बाईंना मूल नव्हतं. त्यांची धाकटी बहीण लग्नाआधीच दिवस राहून त्यांच्या दारात आली. ज्याने यायला हवं होतं तो आला नाही. धाकटीचं बाळंतपण बाईंनी दूरच्या गावी केलं आणि बाळ घेऊन परतल्या ते आपलं म्हणूनच. धाकटीने पुढे लग्न केलं, तिला दोन मुलगे झाले, आणि बाईंची लेक तिला 'मावशी' म्हणत मोठी झाली. हे ठाऊक होतं ते तिघांना. धाकटी तो विषय काढू द्यायची नाही, काढला की उठून जायची. बोलायला एकटा नवरा होता. तो गेला आणि एवढं मोठं ओझं घेऊन बाई एकट्या उरल्या. मग एका दुपारी, टेबलावर कोणी म्हातारी कळवळत असताना, त्यांनी ते तिच्या कानात ओतलं. म्हातारीने त्यांचा हात दाबला. त्या रात्री बाईंना छान झोप लागली.

मग काय, चटकच लागली. साध्या पेशंटला कवळी, जरा भित्र्याला नवऱ्याच्या उधळपट्टीच्या भानगडी, आणि बरगडीखालच्या त्या अवघड वळणावर नळी अडली की लेकीची गोष्ट. तिला तोड नव्हती. तगडी तगडी माणसं कण्हायची थांबून ऐकत राहायची.

आणि आता हा चष्मेवाला विचारतोय, पुढे काय झालं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डॉक्टर मॅडमना खोलीच्या दारातच गाठलं. मॅडम हातमोजे चढवत होत्या.

"मॅडम, आपलं औषध घेतलेली माणसं सगळं विसरतात ना?"

"विसरतात की. पण सगळी नाही आणि सगळं नाही." मॅडम खुशीत होत्या. "आणि हल्ली तर आपण डोस बराच खाली आणलाय. तुमच्यामुळेच हो! तुम्ही बोलत असलात की निम्म्या औषधात भागतं. म्हातारी माणसं लवकर उठतात, चक्कर नाही, श्वासाची भीती नाही. भूल देणारे डॉक्टर परवा म्हणत होते, बाई रिटायर झाल्या की आपली पंचाईत आहे."

बाईंनी दाराची चौकट धरली. औषध कमी झालं ते आपल्या बोलण्याने. बोलणं लोकांच्या लक्षात राहिलं ते औषध कमी झाल्याने. त्यांना हसूही येईना आणि रडूही.

"म्हणजे मी जे कानात सांगते ते..."

"अहो, माझं लक्ष पडद्यावर असतं, पण कान काय बंद करता येतात? ती कवळीची तर मला पाठ झालीय. आणि ती बहिणीच्या मुलीची, ती तुम्ही फारच सुंदर रचलीय. मी घरी म्हटलंसुद्धा, आमच्या बाईंनी लिहायला हवं होतं."

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मॅडमचा अर्धा चढलेला हातमोजा तसाच राहिला.

"बाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ती खरी आहे?"

ज्या दोन बायकांनी वर्षानुवर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून परक्या माणसांच्या पोटातलं पाहिलं, त्या दोघी एकमेकींकडे डोळे विस्फारून बघत राहिल्या. मग आतून भांड्यांची ट्रॉली ढकलत कोणीतरी आलं आणि दोघी बाजूला झाल्या.

पहिला पेशंट एक निवृत्त गवंडी होता. हात फावड्यासारखे आणि छाती लहान पोरासारखी धडधडत होती. बाईंनी चादर गरम केली, लपेटली, पुढे काय होणार ते सांगितलं. हात धरला. हवा गेली, पहिलं वळण गेलं. बरगडीखाली नळी अडली आणि गवंडी म्हणाला, "आई गं... सिस्टर, बोला ना काहीतरी. बाहेर सगळे म्हणत होते तुम्ही फार छान बोलता."

बाईंनी तोंड उघडलं. दातखीळ बसल्यासारखं झालं. बाहेर सगळे म्हणत होते! कोण सगळे? काय म्हणत होते? त्यांनी हवेबद्दल काहीतरी सुरू केलं, ऊन फार आहे नाही का आज. गवंड्याने डोळे मिटले आणि दात आवळले. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर ओघळलं. बाईंना गोष्ट येत होती. एका वाक्यात त्याचं दुखणं थांबलं असतं. ते वाक्य ओठावर आलं आणि त्यांनी गिळलं.

मॅडमनी नळी जरा मागे घेतली, थांबल्या, औषध वाढवायला सांगितलं. गवंडी झोपला. बराच वेळ उठला नाही. बाई त्याच्या उशाशी स्टूल घेऊन बसल्या आणि त्याच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघत राहिल्या. गप्प बसल्याने माणसाला एवढं दुखतं, आणि बोललं की घर पेटतं. करायचं काय माणसाने?

त्या दिवशी घरी जाताना रस्ता संपेना. पोस्टमन त्यांच्या टेबलावर झोपला होता. शाळेच्या मुख्याध्यापिका झोपल्या होत्या. घरमालक, त्याची बायको, बसचा कंडक्टर, बेकरीवाला, वरच्या मजल्यावरचे काका. जो तो ओळखीचं हसत होता, आणि काल-परवापर्यंत बाईंना वाटायचं, किती माया लावलीय आपण लोकांना! आता प्रत्येक हसण्याच्या मागे त्यांना आपल्या घराचं दार सताड उघडं दिसत होतं. बेकरीवाल्याने "लेक बरी आहे ना?" म्हणून विचारलं तर बाईंच्या काळजात धस्स झालं. बिचारा रोजच विचारायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी चालता चालता पक्की केली. आज सांगायचं. लेकीला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत आपण सांगायचं. धाकटीला काय वाटेल ते वाटो. तिच्या घरी आग लागो. पण आपल्या लेकीला हे चष्म्याच्या दुकानात कळता कामा नये.

लेक लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. बाई आल्या तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगीत कागद कापत बसली होती, मुलांसाठी मासे करत होती. हल्ली ती जरा गप्प गप्प असायची. मावशीकडे जायचंही तिने कमी केलं होतं. बाईंना वाटायचं, नोकरीचा शीण.

बाईंनी पर्स ठेवली नाही, हात धुतले नाहीत, समोर बसल्या. "बाळ, मला तुला एक सांगायचंय."

लेकीने वर पाहिलं नाही. कात्री माशाच्या शेपटीभोवती वळत होती. "चष्मा झाला का गं नवा?"

"ते राहू दे. ऐक. तू जन्मलीस ना..."

कात्री थांबली.

"मला माहीत आहे, आई."

बाईंना वाटलं, आपण बोललोच नाही अजून. मग हिला काय माहीत आहे?

"शिंपीणकाकूंनी सांगितलं. मागच्या थंडीत, कोटाचं माप द्यायला गेले होते तेव्हा." लेकीचा आवाज अगदी सपाट होता, वर्गात मुलांना सूचना द्यावी तसा. "त्यांना वाटलं मला ठाऊकच असणार. म्हणाल्या, 'तुझी आई किती मोठ्या मनाची गं, बहिणीची मुलगी अशी वाढवायची म्हणजे सोपं नाही. आणि लपवाछपवी नाही, मला स्वतः सांगितलं तिने. माझं एवढं दुखत होतं, पण ऐकता ऐकता कळलंच नाही.' मी दोन्ही हात पसरून उभी होते आणि त्यांची टेप माझ्या छातीभोवती होती."

"मग? तू काय म्हणालीस?"

"काही नाही. हात तसेच ठेवले. माप चुकलं असतं."

एवढे महिने! एवढे महिने ही पोरगी रोज समोर बसून जेवली, माझ्या दुखऱ्या गुडघ्याला तेल लावलं, आणि एका शब्दाने बोलली नाही. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, पण इथे बैल गेलेलाही मालकिणीला कळला नव्हता.

"फार दुखलं का गं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर हजारो माणसांना विचारला होता. उत्तर ऐकायची भीती त्यांना पहिल्यांदाच वाटत होती.

"हो," लेक म्हणाली. आता तिने वर पाहिलं आणि तिचे डोळे भरलेले होते. "फार. मी तुझ्या पोटची नाही म्हणून नाही दुखलं, आई. तू माझी आईच आहेस, त्यात मला काही शंका नाही. दुखलं ते याचं, की शिंपीणकाकूंचं पोट दुखू नये म्हणून तू त्यांना सांगितलंस. अख्ख्या गावाचं दुखणं थांबवलंस माझ्या गोष्टीने. मी तर रोज इथेच होते."

बाईंनी हात पुढे केला. लेकीने तो धरला नाही. झटकलाही नाही. दोघींच्या मध्ये कागदाचे मासे पडले होते.

"त्यांना सांगणं सोपं होतं गं," बाई कशाबशा म्हणाल्या. "मला वाटायचं ती विसरतात. तू विसरली नसतीस."

"नाही. मी नसते विसरले." लेकीने कात्री बाजूला ठेवली, मासे गोळा करून एका कडेला सारले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून ती सरळ बसली. "मी पूर्ण शुद्धीत आहे, आई. आता सांग. जे आले नाहीत ते कोण होते, मावशी रडली का, मला पहिल्यांदा कोणी घेतलं. सगळं सांग."

अख्ख्या दवाखान्याने जिला रेडिओ म्हटलं, ती बाई ओठ हलवत राहिली. ऐकलेलं सगळं ज्याच्या लक्षात राहणार आहे, अशा माणसाशी बोलायला सुरुवात कशी करतात, ते तिला आठवेना. लेक थांबून राहिली. मग बाई म्हणाल्या, "मी घेतलं तुला पहिल्यांदा," आणि लेकीने त्यांचा हात धरला.